रस्ता कुणाच्या पावलाने मोजायचा?

(खर्डा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत सायकलने शाळेत जात होते, असे निमंत्रण देताना संयोजकांनी मला सांगितले. माझे आयुष्य रस्त्यांच्या कामात गेले. तेव्हा गुरुजींना आदरांजली वाहायची तर रस्त्याविषयीच बोलावे, असे मनात आले. रस्ता कसा बांधावा हे सांगायला मी आलेलो नाही. बांधलेला रस्ता कुणाचा, त्यावर कुणी कुणाला वाट द्यायची, एवढ्या एकाच प्रश्नावर मला बोलायचे आहे.

खर्ड्याचे नाव घेतले की 11 मार्च 1795 ही तारीख आठवते. निजामाच्या फौजेचा पराभव झाला, निजाम अलीने इथल्याच किल्ल्याचा आसरा घेतला, आणि शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन हे सगळे सरदार एका झेंड्याखाली लढण्याची ती शेवटची वेळ ठरली. त्याच वर्षी, 13 ऑगस्टला, महेश्वरला अहिल्यादेवींनी देह ठेवला. त्यांचे जन्मगाव चौंडी आपल्याच जामखेड तालुक्यातले. त्यांनी देशभर विहिरी, बारवा, घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली, हे आपण शाळेत शिकतो. ही कामे नेमकी कुणासाठी होती, याचा विचार मात्र आपण फारसा करत नाही. तहान लागेल तिथे पाणी आणि दिवस मावळेल तिथे छप्पर, ही गरज पायी चालणाऱ्याची आहे. अहिल्यादेवींच्या मनातला प्रवासी पायी चालत होता. दिवसभरात माणूस किती चालू शकतो, यावरून मुक्काम ठरत होते.

हे माप इथे अजून जिवंत आहे. पैठणहून पंढरपूरला जाणारी संत एकनाथांची पालखी दर आषाढीला आपल्या गावावरून जाते. पाटोदा, दिघोळ, खर्डा, दांडेगाव, अनाळे, परांडा ही नावे एकामागून एक म्हणून पाहा. दोन गावांमधले अंतर म्हणजे टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना सोबत घेऊन कापायची चाल आहे. आता हाच पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. महामार्गाचे माप वेगळे असते. ताशी किती किलोमीटरने गाडी निर्धोक जाईल, यावर त्याचे वळण, चढ आणि रुंदी ठरते. एकाच जमिनीवर आज दोन मापे आहेत, एक पावलाचे आणि एक चाकाचे. माझे म्हणणे एवढेच आहे की, जिथे माणसे आणि गाड्या एकत्र येतात, तिथे रस्त्याचे माप सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलाने घेतले पाहिजे. गावठाणात, शाळेपुढे, एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात आणि शहरातल्या प्रत्येक गल्लीत हाच नियम हवा.

हे भावनेच्या भरात बोलत नाही. हिशेब करून पाहू. साध्या दोनपदरी रस्त्याचे डांबर सुमारे 7 मीटर रुंद असते. धडधाकट माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो, म्हणजे त्याला तो ओलांडायला 6 सेकंद लागतात. बाजाराची पिशवी हातात आणि गुडघे दुखत असलेल्या आजीला 9 सेकंद तरी लागतात. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात 200 मीटर अंतर कापते. म्हणजे पहिले पाऊल टाकण्याआधी आजीने 200 मीटरवरची गाडी पाहायची, तिचा वेग ओळखायचा आणि आपल्या गुडघ्यांचा अंदाज घ्यायचा. मोतीबिंदू उतरू लागलेल्या डोळ्यांना हे जमणारे नाही. तीच गाडी ताशी 30 ने आली तर 9 सेकंदांत 75 मीटर येईल. एवढे अंतर आजीला दिसते आणि गाडीवाल्यालाही आजी दिसते. दोघांची नजरानजर होऊ शकते. रस्त्यावरचा समजूतदारपणा या नजरानजरेतून येतो. ठराविक वेगापलीकडे ती होतच नाही, मग चालक कितीही सज्जन असो.

दुसरा हिशेब ब्रेकचा. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या, चांगल्या डांबरावर ताशी 30 ची गाडी 13-14 मीटरमध्ये उभी राहते. ताशी 60 ची गाडी उभी राहायला 37 मीटरच्या आसपास घेते. वेग दुप्पट झाला की धक्क्याची ताकद चौपट होते. ताशी 30 च्या आत धडक बसलेल्या पादचाऱ्यांपैकी दहातले नऊ वाचतात आणि 45 च्या पुढे निम्मेसुद्धा वाचत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेने, जिथे पायी चालणारे, सायकलस्वार आणि मोटारी मिसळतात तिथे कमाल वेग ताशी 30 असावा, असे जाहीरनाम्यात लिहिले. त्या आकड्यामागे मी आत्ता सांगितलेलाच हिशेब आहे.

आता आपल्या देशाकडे पाहू. 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यावर 1,68,491 माणसे मेली. त्यांत 32,825 जण पायी चालणारे होते आणि 4,800 हून अधिक सायकलवर होते. जवळजवळ निम्मे दुचाकीवर होते. त्याच वर्षी महाराष्ट्राने 15,000 हून अधिक माणसे गमावली. ही माणसे कोण, हे आपल्याला कागद न पाहताही सांगता येईल. ती शेतावरून परतणारी, शिकवणी सुटल्यावर सायकलने घरी निघालेली किंवा दूध घालायला निघालेली होती. ज्यांच्याभोवती लोखंडाचा पत्रा नव्हता, ती माणसे जास्त गेली.

अपघात झाला की पारावर पहिला प्रश्न निघतो, चूक कोणाची? बाई मधेच आली, पोराने सायकल वळवली, म्हातारा बहिरा होता. हा प्रश्न विचारला की रस्ता निर्दोष सुटतो. माणूस चुकणार, पोर धावणार, म्हाताऱ्याला हॉर्न ऐकू येणार नाही, हे धरूनच रस्ता आखायचा असतो. चुकीची शिक्षा मरण असू नये. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये हेच तत्त्व स्वीकारले. आपला कायदाही याच दिशेने आहे. वाहन चालवण्याविषयीचे 2017 चे केंद्राचे विनियम सांगतात की पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांच्या सुरक्षिततेची चालकाने विशेष काळजी घ्यावी. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात रस्त्याची सदोष आखणी किंवा बांधणी करणाऱ्यालाही दंडाची तरतूद झाली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निर्धोक पदपथ हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सांगितले. ज्याचे वजन जास्त, ज्याचा वेग जास्त, त्याची जबाबदारी जास्त, हा या साऱ्यांचा गाभा आहे.

सरकारी यंत्रणेतली एक गोष्ट मला फार सलते. महामार्गाच्या सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, तर त्या जागेला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. त्यानंतर दुरुस्तीचा प्रस्ताव, निधी आणि निविदा येतात. यादी हवीच, कारण निधी कुठे आधी वापरायचा ते त्यातून कळते. पण आपल्या शाळेपुढचा रस्ता धोक्याचा आहे, हे शाळेतल्या बाईंना आणि फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला आधीपासून माहीत असते. त्यांचे म्हणणे नोंदवायला दहा प्रेतांची वाट पाहणे हा अन्याय आहे.

आपल्याकडची कितीतरी तरुण मुले पुण्यात आहेत. म्हणून शहराविषयीही बोलले पाहिजे. पुणे एके काळी सायकलींचे शहर होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच दिसत. प्राध्यापक, कामगार, नर्स, विद्यार्थी सगळे एका उंचीवरून एकमेकांकडे पाहत जात. मग स्कूटर आली, मोटारसायकल आली, मोटार आली. रस्ते रुंद होत गेले आणि पदपथ अरुंद होत गेले. सायकल गरिबीची खूण ठरली आणि ती चालवणे धाडसाचे काम झाले.

ते शहर सावरण्याचे प्रयत्नही पुण्यात झाले आणि ते मनापासून झाले. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने, रस्त्यावरच्या जागेची वाटणी वाहनांकडे न पाहता माणसांकडे पाहून करा, असे सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात स्वारगेट ते कात्रज बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रयोग सुरू झाला. 2016 मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले. 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला. जंगली महाराज रस्त्यावर मोटारींची जागा कमी करून प्रशस्त पदपथ आणि बसायच्या जागा केल्या गेल्या. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो आणि त्या दिवशी पुण्यातला सर्वांत गजबजलेला बाजार पायी चालणाऱ्यांना मोकळा मिळतो.

यातून काय शिकायचे? जंगली महाराज रस्त्यावर संध्याकाळी जाऊन पाहा. आजी-आजोबा बाकावर बसलेले असतात, लेकुरवाळ्या बाया निवांत चालतात. जागा दिली की माणसे येतात. उलट, अनेक सायकल ट्रॅकवर काय होते तेही पाहा. ट्रॅकवर विजेचा डीपी बॉक्स असतो, पुढे दुचाक्या लावलेल्या असतात, त्यापुढे हातगाडी असते, आणि चौक आला की ट्रॅक संपतो. सायकलस्वाराला खरी गरज चौकातच असते, कारण वळणाऱ्या गाड्या तिथे त्याला कापतात. सायकलची वाट अखंड असली तरच तिचा उपयोग आहे. 2017 च्या अखेरीस पुण्यात भाड्याच्या रंगीत सायकली आल्या. लोकांनी हौसेने वापरल्या आणि दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. सायकली आल्या तशी निर्धोक वाट आली नव्हती.

कोणी म्हणेल, युरोपात जमते, आपल्याला जमणार नाही. नेदरलँड्स हा सायकलींचा देश आपण मानतो. पण 1971 मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर 3,300 च्या आसपास माणसे मेली आणि त्यांत 400 हून अधिक मुले होती. तिथेही मोटारींसाठी चौक मोकळे करणे चालूच होते. मग आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी चळवळ उभी राहिली. लोकांनी रस्ते अडवून मुलांना खेळायला सोडले. 1976 मध्ये तिथल्या कायद्याने वस्तीतल्या अशा गल्ल्यांना मान्यता दिली, जिथे गाडीने पायी चालणाऱ्याच्या चालीने जायचे. तो देश लोकांनी मागणी करून, भांडून तसा घडवला.

आता आपल्या भागाकडे येतो. इथे रस्ता वाटून घेण्याचा प्रश्न सायकल आणि मोटार एवढाच नाही. दिवाळीनंतर आपल्या गावागावांतल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, कोयते, शेरडे, लेकरे आणि वर ताडपत्री. कारखान्यावर पोचल्यावर बैलांच्या टायरगाडीचे चक्र सुरू होते. रात्री उसाने भरलेली टायरगाडी मागून कशी दिसते, ते डोळ्यांपुढे आणा. उसाची टोके मागे लोंबतात आणि रिफ्लेक्टर लावला असला तरी त्यांच्याआड झाकला जातो. धुरळ्याने पट्टीची चमक गेलेली असते. बैलांच्या अंगावर काही चमकत नाही. गाडी माणसाच्या चालीने जाते. मागून येणाऱ्या ट्रकचा दिवा डीपर दिलेला असेल तर 40-50 मीटरपलीकडचे धड दिसत नाही, आणि ताशी 60 च्या ट्रकला थांबायला तेवढेच, भरलेला असेल तर त्याहून जास्त अंतर लागते. समोरून कुणी प्रखर दिवा टाकला तर तेवढेही हातात राहत नाही. गाडीवान दिवसभर तोडणी करून डुलक्या घेत असतो, बैल सवयीने वाट चालतात.

यावर उपाय महाग नाहीत. चमकपट्टी उसाच्या टोकांच्याही मागे येईल अशी लोंबती बांधायची, जूवर आणि मागे बॅटरीचा लाल दिवा लावायचा, बैलांच्या शिंगांना आणि झुलीला चमकणारी पट्टी द्यायची. हा खर्च कारखान्याच्या आणि वाहतुकीच्या करारात धरला पाहिजे. तो ऊसतोड मजुराच्या उचलीतून कापू नये. ज्याच्या घामावर साखर होते, त्याच्या जिवाचा खर्च त्याच्याच खिशातून काढणे मला मान्य नाही.

दुसरी गोष्ट वारीची. 19 नोव्हेंबर 2019 ला दिवे घाटात ब्रेक निकामी झालेला जेसीबी संत नामदेवांच्या दिंडीत घुसला आणि नामदेवांच्या वंशातल्या महाराजांसह दोघांचा मृत्यू झाला. 31 ऑक्टोबर 2022 ला सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ मोटार दिंडीत शिरली आणि कोल्हापूरकडचे सात वारकरी गेले. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला 8 नोव्हेंबर 2021 ला बसवली गेली. त्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना स्वतंत्र पायवाट धरली आहे. ही दूरदृष्टीची गोष्ट आहे. नाथांच्या पालखीलाही तोच मान मिळाला पाहिजे. अशी पायवाट वर्षातले काही दिवस वारकऱ्यांची असेल आणि बाकी वर्षभर वस्तीवरून सायकलने हायस्कूलला येणाऱ्या मुलींची, मजुरांची, दूधवाल्याची असेल. खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास अहिल्यादेवींच्या नावाने मिळतो. स्टँडवर उतरल्यावर शाळेपर्यंतची शेवटची वाटही निर्धोक हवी.

आता दोन आक्षेप. पहिला असा की, गावातून ताशी 30 ने जायचे तर वेळ किती जाईल? गावठाणाचा टप्पा एक किलोमीटरचा धरा. ताशी 60 ने एक मिनिट लागतो, 30 ने दोन. वाढला तो एक मिनिट. एवढ्यासाठी कुणाचा व्यापार बुडत नाही. दुसरा आक्षेप असा की, पायी चालणारेही शिस्त पाळत नाहीत. खरे आहे, कडेने चालावे आणि रात्री उजळ कपडे घालावेत. पदपथ नसलेल्या रस्त्यावर एकटादुकटा चालताना उजव्या बाजूने चालावे, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पण कडेला जागाच नसेल, साइडपट्टी खचलेली असेल, गटारावरची फरशी फुटलेली असेल, तर माणूस डांबरावर येणारच. आधी वाट द्या, मग शिस्त मागा.

महामार्गावर गतिरोधक नसावेत असे केंद्राचे धोरण आहे आणि त्याला कारणे आहेत. पण वेग उतरवायला गतिरोधक हा एकच उपाय नाही. चालक पाटी वाचून वेग कमी करत नाही, रस्ता मोकळा आणि सरळ दिसला की पाय ॲक्सिलरेटरवर जातो. गावाच्या वेशीवर रस्ता थोडा अरुंद भासेल अशी रचना करता येते. गावठाणापुरत्या मार्गिका साडेतीन मीटरऐवजी तीन मीटरच्या आखता येतात आणि उरलेली जागा पदपथाला देता येते. रस्त्याच्या मध्यावर उभे राहायला सुरक्षित जागा केली, तर आजीला एका वेळी निम्माच रस्ता ओलांडावा लागतो आणि एकाच बाजूला पाहावे लागते. पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर असावी, असे भारतीय रस्ते परिषदेची मार्गदर्शिका सांगते. म्हणजे व्हीलचेअर आणि चालणारा माणूस शेजारून जाऊ शकतील इतकी. ती दुकानाच्या पायरीने आणि लावलेल्या मोटारसायकलीने खाल्ली जाणार नाही, हे पाहणे आपले काम आहे.

चालक काही परके नाहीत. पिकअप, छोटा हत्ती, टमटम चालवणारी पोरे आपलीच आहेत. त्यांना मी हात जोडून सांगतो, सायकलला मागे टाकताना एक हात नव्हे, चांगला दीड मीटर सोडा. रात्री समोर माणूस दिसला की दिवा खाली घ्या. बैलगाडीमागे हॉर्न वाजवू नका, बैल बुजला तर गाडीवानाच्या हातात काही राहत नाही. आणि शाळा सुटण्याच्या वेळी घाई असली तरी गावठाणात पाय आवरा.

शेवटी एक मागणे. येत्या 1 मेच्या ग्रामसभेत खर्ड्याने एक ठराव करावा. गावठाणातून जाणाऱ्या रस्त्यावर ताशी 30 ची मर्यादा आणि ती पाळली जाईल अशी रचना, स्टँडपासून शाळेपर्यंत अखंड पदपथ, बाजाराच्या दिवशी अवजड वाहनांची वेळ ठरवणे, नाथांच्या पालखी मार्गावर स्वतंत्र पायवाट आणि गळीत हंगामापूर्वी प्रत्येक टायरगाडीला दिवा व चमकपट्टी, एवढी पाच कलमे त्यात असावीत. त्याआधी शाळेतल्या मुलांनी, शिक्षकांनी आणि स्टँडवरच्या दुकानदारांनी मिळून गावातल्या धोक्याच्या जागांचा नकाशा काढावा आणि तो ठरावाला जोडावा. नकाशासह आलेला ठराव बाजूला टाकणे कुठल्याही कार्यालयाला सोपे नसते. तो सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाला, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला आणि आपल्या लोकप्रतिनिधींना द्यावा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. नकाशा काढायच्या कामाला मी स्वतः येईन. सर्वांत सावकाश चालणारा माणूस ज्या गावात निर्भयपणे रस्ता ओलांडतो, ते गाव सगळ्यांसाठी सुरक्षित असते. असे गाव उभे करणे आपल्या हातात आहे आणि त्याची सुरुवात याच ग्रामसभेत व्हावी.